खांद्याच्या सांध्यात पाणी होणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खांदा दुखतो म्हणून सोनोग्राफी होते, रिपोर्टमध्ये सांध्यात पाणी असल्याचं लिहून येतं आणि पेशंटचा पहिला प्रश्न असतो, 'आता हे पाणी काढावं लागणार का?' प्रश्न रास्त आहे, पण त्याआधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे: हे पाणी झालं कशामुळे? त्याचं उत्तर मिळालं की उपचार कोणता, घाई किती करायची, सुई लावायची की नाही, हे बरंचसं आपोआप ठरतं. पुढची सगळी उत्तरं याच धाग्याने लिहिली आहेत.

खांद्यात पाणी होतं म्हणजे नेमकं काय होतं?

दंडाच्या हाडाचं गोल डोकं आणि खांद्याच्या फऱ्याची उथळ खोबण मिळून खांद्याचा मुख्य सांधा बनतो. त्याच्याभोवती एक पिशवीवजा आवरण असतं. या आवरणाच्या आतल्या बाजूला एक नाजूक अस्तर असतं आणि ते थोडासा चिकट, पारदर्शक द्राव तयार करतं. सांध्याला वंगण मिळतं ते याच द्रावातून, आणि हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत थराचं, म्हणजे कूर्चेचं, पोषणही त्यातूनच होतं, कारण तिच्यात रक्तवाहिन्या नसतात. निरोगी खांद्यात हा द्राव अगदी थोडा, जेमतेम एक-दोन मिलिलीटर असतो.

अस्तराला इजा झाली, सूज आली किंवा जंतुसंसर्ग झाला की ते गरजेपेक्षा जास्त द्राव सोडतं. कधी द्रावात रक्त मिसळतं, कधी पू होतो. बोलीभाषेत आपण या सगळ्यालाच 'पाणी झालं' म्हणतो. पाण्यामुळे आवरण आतून ताणलं जातं. म्हणून खांदा जड वाटतो, ठणकतो आणि हात वर नेताना एका ठिकाणी अडतो.

रिपोर्टमध्ये कधी 'सांध्यात', कधी 'बर्सात', कधी 'बायसेप्सच्या स्नायुबंधाभोवती' पाणी असं लिहिलेलं असतं. फरक काय पडतो?

बराच पडतो. म्हणून रिपोर्टमधली ती ओळ नीट वाचून घ्या.

खांद्याच्या वरच्या हाडाच्या खाली, स्नायुबंधांच्या (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या चिवट पट्ट्यांच्या) वर, एक पातळ पिशवी असते. तिला बर्सा म्हणतात. हाड आणि स्नायुबंध एकमेकांवर घासू नयेत हे तिचं काम. हात सतत डोक्याच्या वर नेऊन काम करणाऱ्यांमध्ये किंवा खांद्यावर आपटल्यावर या पिशवीला सूज येते आणि तिच्यात पाणी साठतं. हे पाणी सांध्याच्या बाहेर असतं. बहुतेक वेळा विश्रांती, औषधं आणि व्यायाम यांनी ते ओसरतं.

बायसेप्सच्या, म्हणजे दंडाच्या पुढच्या स्नायूच्या, लांब स्नायुबंधाचं वेष्टण मात्र मुळातच सांध्याच्या पोकळीला जोडलेलं असतं. सांध्यात पाणी वाढलं की ते तिथेही उतरतं. त्यामुळे या स्नायुबंधाभोवती पाणी दिसलं म्हणून दोष त्याचाच असतो असं नाही. मूळ कारण सांध्याच्या आत असू शकतं.

सांधा आणि बर्सा यांच्यामध्ये रोटेटर कफ म्हणजे चार स्नायुबंधांचा पडदा असतो, आणि तो धड असेल तर एका बाजूचं पाणी दुसरीकडे जात नाही. पडदा आरपार फाटला की दोन खोल्यांमधली भिंत पडावी तसं होतं आणि पाणी दोन्हीकडे पसरतं. म्हणूनच सांध्यात आणि बर्सात एकाच वेळी पाणी दिसलं, तर कफ फाटलाय का, हे डॉक्टर आवर्जून बघतात.

पाणी होण्याची कारणं कोणती?

पडणं, आपटणं, खांदा निखळणं, हाडाला तडा जाणं ही सगळ्यांना सुचणारी कारणं. अशा वेळी सांध्यात बऱ्याचदा रक्तच साठतं. वय वाढेल तशी सांध्याची झीज आणि कफच्या स्नायुबंधांची झीज ही कारणं पुढे येतात. आमवातात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर हल्ला करते. त्यात खांद्याबरोबर हाताची बोटं आणि मनगटंही सुजतात आणि सकाळी उठल्यावर सांधे बराच वेळ आखडलेले राहतात.

स्फटिकांचे आजार हा वेगळा गट. युरिक ॲसिडचे स्फटिक म्हणजे गाऊट. तो बहुतेक वेळा पायाच्या अंगठ्यापासून सुरू होतो, खांद्यात तुलनेने कमी आढळतो. कॅल्शियम पायरोफॉस्फेटचे स्फटिक साठले तर गाऊटसारखाच झटका येतो; हा आजार उतारवयात दिसतो आणि गुडघा, मनगट, खांदा हे त्याचे नेहमीचे सांधे. आणखी एक, तुलनेने दुर्मीळ आजार अमेरिकेतल्या मिलवॉकी शहराच्या नावाने ओळखला जातो, कारण तिथल्या डॉक्टरांनी १९८१ मध्ये त्याचं वर्णन केलं. तो प्रामुख्याने वृद्ध स्त्रियांमध्ये होतो. खांद्यात भरपूर, अनेकदा रक्तमिश्रित पाणी साठतं आणि कफ आणि कूर्चा झपाट्याने खराब होतात.

आणि शेवटी जंतुसंसर्ग. प्रमाण कमी असलं तरी सगळ्यात आधी नाकारायचं कारण हेच. क्षयाचे जंतूही सांध्यात शिरू शकतात. तेव्हा दुखणं महिनोन्महिने हळूहळू वाढत जातं आणि झटक्यासारखं काही दिसतच नाही.

बाहेरून सूज दिसत नाही, तरी आत पाणी असू शकतं का?

हो, आणि खांद्याच्या बाबतीत हे नेहमी घडतं. गुडघ्यात पाणी झालं की तो लगेच फुगलेला दिसतो. खांद्याचा सांधा दंडाच्या वरच्या जाड स्नायूखाली खोल दडलेला आहे. थोडं पाणी बाहेरून कळत नाही, लालीही बऱ्याचदा दिसत नाही. बरंच पाणी साठलं तर पुढच्या बाजूला खांद्याची नेहमीची खळगी भरून आल्यासारखी वाटते. आरशासमोर दोन्ही खांदे उघडे ठेवून उभं राहिलं तर हा फरक कधी कधी लक्षात येतो. पण दिसलं नाही म्हणून पाणी नाही, असा निष्कर्ष काढू नका.

कोणत्या लक्षणांसाठी त्याच दिवशी, न थांबता, डॉक्टरांकडे जावं?

ताप किंवा थंडी वाजून येणं आणि त्याच्या जोडीला खांदा इतका दुखणं की दुसऱ्याने हात हलकेच हलवला तरी कळ उठते. हे जंतुसंसर्गाचं चित्र आहे. सांध्यात पू झाला तर काही दिवसांत कूर्चेचं कायमचं नुकसान होतं, आणि संसर्ग रक्तात पसरला तर जिवाला धोका होतो. मधुमेह, मूत्रपिंडाचे आजार, कॅन्सरचे उपचार, दीर्घकाळ स्टेरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं, नुकतंच खांद्यात घेतलेलं इंजेक्शन किंवा झालेलं ऑपरेशन, यांपैकी काही असेल तर ताप नसला तरी थांबू नका. उतारवयात आणि अशा आजारांत ताप न येताही सांधा सडत असू शकतो.

लहान मूल तापाने फणफणलंय आणि एक हात हलवतच नाही, हात लावला की किंचाळतं, असं असेल तर रात्री-अपरात्रीही रुग्णालय गाठा. तान्ह्या बाळात हात लुळा पडल्यासारखा वाटतो. खरं तर दुखतं म्हणून ते हात हलवत नाही.

पडल्यानंतर खांद्याचा आकार बदलला, हात बधिर झाला किंवा पंजा थंड पडला, तरी तातडीच. आणि एक गोष्ट पाण्याशी संबंधित नसली तरी इथे सांगायलाच हवी: डाव्या खांद्यात दुखण्याबरोबर छातीत दडपण, घाम, धाप लागणं असेल, तर ते हृदयाचं दुखणं असू शकतं. तेव्हा हाडांच्या डॉक्टरांची वेळ घेत बसू नका.

कोणत्या तपासण्या होतात? थेट एमआरआयच करून घेतलेला बरा ना?

सुरुवात डॉक्टरांच्या हातांनी व्हावी. हात तुम्ही स्वतः किती वर नेता, डॉक्टर नेतात तेव्हा किती जातो, दुखतं नेमकं कुठे, यावरून निम्मा अंदाज येतो. एक्स-रेत पाणी दिसत नाही. हाडाचा तडा, झीज, कॅल्शियमचे साठे दिसतात. सोनोग्राफीत पाणी चांगलं दिसतं, हात हलवत असतानाच बघता येतं आणि पाणी काढायचं ठरलं तर त्याच यंत्राच्या मदतीने सुई नेमकी जागी नेता येते. कफ किती फाटलाय, कूर्चेची आणि खोबणीच्या कडेची अवस्था काय, हाडाच्या आत सूज आहे का, हे बघायला एमआरआय लागतो. ऑपरेशनचा विचार चालला असेल किंवा सोनोग्राफीने उलगडा होत नसेल, तर तो जरूर करावा. प्रत्येकाला पहिल्याच दिवशी तो लागत नाही.

रक्ताच्या तपासणीत पेशींची मोजणी, ईएसआर आणि सीआरपी (या दोन्ही शरीरातली सूज दाखवतात), युरिक ॲसिड आणि आमवाताच्या चाचण्या होतात. युरिक ॲसिडच्या आकड्यावर फार भिस्त ठेवू नका. गाऊटचा झटका ऐन भरात असताना तो आकडा कधी कधी चक्क नॉर्मल येतो. उलट आकडा वाढलेला असूनही कित्येकांना गाऊट नसतो.

पाणी काढावंच लागतं का?

नाही. कारण स्पष्ट असेल, पाणी थोडं असेल, ताप नसेल आणि दुखणं उतरणीला लागलं असेल, तर शरीर ते पाणी स्वतःच शोषून घेतं. बहुतेकांच्या बाबतीत असंच होतं.

काढायची वेळ येते ती दोन कारणांनी. एक, पाणी कशाचं आहे ते कळत नसतं आणि जंतुसंसर्गाची किंवा स्फटिकांची शंका असते. दोन, पाणी इतकं साठलेलं असतं की त्या ताणानेच माणूस हैराण होतो. पहिलं कारण जास्त महत्त्वाचं आहे. जंतुसंसर्गाची शंका असताना, पेशंट अगदीच अत्यवस्थ नसेल तर, आधी पाणी काढून मग ॲंटिबायोटिक सुरू करतात. औषध आधी गेलं तर कल्चरमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवून बघण्याच्या तपासणीत, जंतू बऱ्याचदा उगवत नाहीत आणि पुढचे उपचार अंदाजाने करावे लागतात. म्हणून ताप आणि खांदेदुखी असताना घरात उरलेल्या ॲंटिबायोटिकच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नका. नुकसान तुमचंच होतं.

पाणी काढतात कसं? फार दुखतं का?

सुईची भीती बहुतेकांना असते, म्हणून जरा तपशिलात सांगतो. तुम्हाला स्टुलावर बसवतात किंवा कुशीवर झोपवतात. अनेक डॉक्टर सुई मागच्या बाजूने लावणं पसंत करतात, त्यामुळे ती तुम्हाला दिसतही नाही. त्या बाजूचा हात मांडीवर किंवा दुसऱ्या खांद्यावर ठेवायला सांगतात, म्हणजे मागचा सांधा थोडा उघडतो. सोनोग्राफीने पाण्याची जागा ठरते, कातडी जंतुनाशकाने दोन-तीनदा पुसली जाते, बधिर करण्याचं बारीक इंजेक्शन देतात. त्याची चुणचुण काही सेकंद जाणवते. मग थोडी जाड सुई आत जाते. या वेळी दाब जाणवतो, आवरण भेदताना क्षणभर कळ येऊ शकते. सिरिंजमध्ये द्राव येऊ लागला की आतला ताण कमी होतो आणि कित्येकांना तिथल्या तिथे हात हलका वाटतो. सगळं मिळून काही मिनिटांचं काम आहे. श्वास रोखून खांदा आवळून धरला तर जास्त दुखतं. सावकाश श्वास सोडत राहा.

घट्ट पाणी किंवा गाठी झालेलं रक्त असेल तर सुईतून काहीच येत नाही, असंही होतं. त्याचा अर्थ डॉक्टर चुकले असा नसतो.

त्यानंतर त्या दिवशी जड उचलू नका आणि सुईची जागा कोरडी ठेवा. किरकोळ ठणका एक-दोन दिवस राहतो. तो कमी होण्याऐवजी वाढत गेला, खांदा गरम झाला किंवा ताप आला, तर लगेच परत जा.

काढलेल्या पाण्यात काय बघतात?

माझ्या मते सगळ्यात मोलाची माहिती इथे असते आणि ती सर्वाधिक वाया जाते तीही इथेच. पाणी निघालं, बरं वाटलं, सिरिंज कचऱ्यात गेली, असं झालं की तोच पेशंट पुन्हा पाणी घेऊन येतो आणि कारण मात्र कुणालाच माहीत नसतं. म्हणून पाणी काढायच्या आधीच विचारा, 'हे तपासायला पाठवणार ना?'

पहिला अंदाज नुसत्या डोळ्यांनी येतो. फिकट पिवळं, आरपार दिसणारं, बोटात धरल्यावर तार येणारं पाणी बहुतेक झिजेचं किंवा जुन्या इजेचं असतं. सूज आली की तेच गढूळ आणि पातळ होतं. दाट, पिवळट-हिरवट आलं तर पू समजायचा. लाल आलं तर रक्त. आणि त्या रक्तावर तेलाचे थेंब तरंगताना दिसले तर हाडाला तडा गेलाय असं धरून चालतात, कारण ती चरबी हाडाच्या मगजातून आलेली असते.

मग प्रयोगशाळेत पांढऱ्या पेशी मोजतात. एका घन मिलिमीटरमध्ये २,००० पर्यंत असतील तर सूज फारशी नाही. २,००० ते ५०,००० म्हणजे आमवात, गाऊट यांसारखं काहीतरी. ५०,००० च्या वर गेल्या तर जंतुसंसर्गाची दाट शंका. या सीमारेषा पक्क्या नाहीत. कमी पेशी असूनही संसर्ग असू शकतो आणि गाऊटमध्ये आकडा फार वर जाऊ शकतो. म्हणून जोडीला खास प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली स्फटिक शोधतात. युरिक ॲसिडचे स्फटिक सुईसारखे टोकदार, पायरोफॉस्फेटचे आखूड, चौकटीसारखे दिसतात. एक सापळा लक्षात ठेवा: स्फटिक सापडले म्हणून जंतू नाहीत असं ठरत नाही. दोन्ही एकाच सांध्यात असू शकतात.

कल्चरला काही दिवस लागतात. खांद्याचं आधी ऑपरेशन झालेलं असेल तर आणखी थांबावं लागतं, कारण खांद्याच्या कातडीत राहणारा एक जंतू फार सावकाश वाढतो. अशा वेळी प्रयोगशाळेला तशी पूर्वसूचना देऊन कल्चर दोन आठवड्यांपर्यंत ठेवायला सांगतात.

पाणी काढतानाच स्टेरॉइडचं इंजेक्शन घ्यावं का?

सरसकट 'हो' किंवा 'नाही' असं याचं उत्तर नाही. आमवात, स्फटिकांचे झटके, बर्साची सूज, फ्रोझन शोल्डरचा (सांध्याचं आवरण आकसून खांदा आखडण्याच्या आजाराचा) दुखरा काळ यांत स्टेरॉइडने चांगला आराम पडतो. अनेकदा त्या आरामामुळेच व्यायाम सुरू करता येतात. पण हा आराम काही आठवडे ते काही महिनेच टिकतो. फाटलेला कफ त्याने जुळत नाही, झिजलेली कूर्चा परत येत नाही.

जंतुसंसर्गाची शंका असेपर्यंत मात्र स्टेरॉइड मुळीच नको. पाणी गढूळ आलं तर चांगले डॉक्टर हातातलं इंजेक्शन बाजूला ठेवतात आणि रिपोर्टची वाट बघतात. तुम्हाला तेव्हा 'अर्धवट उपचार केले' असं वाटेल, पण तो निर्णय बरोबर असतो. त्याच खांद्यात वारंवार इंजेक्शनं घेतल्याने स्नायुबंध आणि कूर्चा कमकुवत होतात, म्हणून वर्षाला तीन-चारपेक्षा जास्त घेऊ नयेत असा साधारण संकेत आहे. सांधा बदलायचं ऑपरेशन जवळ आलं असेल तर आधीचे सुमारे तीन महिने इंजेक्शन टाळतात, नाहीतर संसर्गाचा धोका वाढतो.

इंजेक्शननंतर पहिल्या एक-दोन दिवसांत काहींचं दुखणं वाढतं आणि मग उतरतं. ते घाबरण्यासारखं नाही.

मधुमेह आहे किंवा रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू आहेत. पाणी काढता येईल का?

येईल. मधुमेहात स्टेरॉइड दिलं तर काही दिवस, कधी आठवडाभर, साखर वाढते. त्या काळात साखर नेहमीपेक्षा जास्त वेळा तपासा आणि औषधांचा डोस बदलायचा का, ते आधीच विचारून ठेवा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांमध्येही बहुतेक वेळा गोळ्या न थांबवता पाणी काढता येतं. गोळी स्वतःहून बंद करू नका. हृदयाच्या झडपेसाठी किंवा स्टेंटसाठी ती चालू असेल तर एका चुकीने मोठा अनर्थ होऊ शकतो. हिमोफिलिया (रक्त नीट न गोठण्याचा जन्मजात आजार) असेल तर आधी रक्त गोठवणारा घटक द्यावा लागतो. हे डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा.

गोळ्या कोणत्या देतात?

कारणानुसार. नुसत्या दुखण्यासाठी पॅरासिटामॉल. सूज असेल तर आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन अशा सूज उतरवणाऱ्या गोळ्या. या दुसऱ्या प्रकारच्या गोळ्या अल्सर, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार, रक्त पातळ करणारी औषधं, गरोदरपण यांत विचारल्याशिवाय घेऊ नका. औषधाच्या दुकानातून सहज मिळतात म्हणून त्या निरुपद्रवी ठरत नाहीत.

गाऊटच्या झटक्यात कोल्चिसिन किंवा थोडे दिवस स्टेरॉइड देतात. झटके वारंवार येत असतील तर ॲलोप्युरिनॉल किंवा फेबुक्सोस्टॅट देऊन रक्तातलं युरिक ॲसिड दर डेसिलिटरला ६ मिलिग्रॅमच्या खाली ठेवतात. ही गोळी आधीपासून चालू असेल तर झटक्यात ती बंद करायची नसते. आमवातात मेथोट्रेक्सेटसारखी औषधं लागतात. मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतल्याने माणसं दगावली आहेत, म्हणून कोणता वार ते डब्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

संसर्गात रुग्णालयात दाखल होऊन शिरेतून ॲंटिबायोटिक घ्यावं लागतं आणि नुसत्या औषधावर न भागता पू काढून सांधा धुवावा लागतो. एकूण औषधोपचार काही आठवडे चालतो. क्षय असेल तर औषधं अनेक महिने घ्यावी लागतात आणि ती मध्येच सोडून चालत नाहीत.

बर्फ लावावा की शेकावं? मालिश चालेल का?

नवी इजा, ताजी सूज, ठणका असेल तर बर्फ. कापडात गुंडाळून १५ ते २० मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा; थेट कातडीवर नाही. सूज उतरल्यावर खांदा आखडलेला वाटत असेल तर व्यायामाआधी सौम्य शेक बरा वाटतो. गरम लागणाऱ्या खांद्याला शेक देऊ नका.

मालिशीने सांध्यातलं पाणी जिरत नाही. मानेच्या आणि पाठीच्या ताठलेल्या स्नायूंना हलक्या हाताने चोळल्यास आराम वाटेल, पण सुजलेल्या सांध्यावर जोर लावणं आणि हात ओढून 'मोकळा करणं' यांतून फाटलेला कफ आणखी फाटू शकतो.

कमी पाणी प्यायलं किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेतल्या तर सांध्यातलं पाणी कमी होईल?

नाही. पिण्याच्या पाण्याशी त्याचा संबंध नाही.

रात्री झोपता येत नाही. काय करावं?

खांद्याचं दुखणं रात्रीच वर काढतं आणि झोप मोडल्याने माणूस दिवसाही खचतो. पाठीवर झोपायचं असेल तर दुखऱ्या हाताच्या कोपराखाली उशी किंवा घडी घातलेलं पांघरूण ठेवा, म्हणजे कोपर शरीराच्या पातळीखाली लोंबणार नाही. कुशीवर झोपायचं असेल तर चांगल्या बाजूवर, आणि दुखरा हात छातीशी धरलेल्या उशीवर. काहींना पहिले काही दिवस आरामखुर्चीत अर्धवट बसून झोपणं सोयीचं पडतं. गोळीची वेळ रात्रीच्या झोपेशी जुळवता येईल का, तेही विचारा.

हात झोळीत बांधून ठेवावा का? व्यायाम कधी सुरू करावेत?

झोळी दोन-चार दिवसांपुरती. हाड मोडलं असेल किंवा खांदा निखळला असेल तर डॉक्टर सांगतील तितके दिवस. त्यापलीकडे हात बांधून ठेवला तर खांदा आखडतो आणि तो सोडवायला पाण्याच्या मूळ दुखण्यापेक्षा जास्त काळ लागतो. झोळीत असतानाही बोटं, मनगट, कोपर हलवत राहा.

ठणका कमी झाला की लोलकाचा व्यायाम करता येतो. अमेरिकेतले शल्यविशारद अर्नेस्ट कॉडमन यांच्या नावाने तो आजही ओळखला जातो. टेबलाच्या कडेला चांगला हात टेकवा, कमरेत पुढे वाका आणि दुखरा हात जमिनीकडे सैल सोडा. आता शरीर हलकेच पुढे-मागे झुलवा. हात त्या झोक्याने आपोआप हलला पाहिजे, खांद्याच्या जोराने नाही. बहुतेक जण इथेच चुकतात. हात हलवायचा म्हणून खांदा आवळतात आणि मग दुखतं. बोटं सैल आहेत का बघा, ती सैल असली की बाकीचा हातही सैल असतो. पुढे-मागे, डावी-उजवीकडे, मग छोटे गोल. एक-दोन मिनिटं, दिवसातून काही वेळा.

पुढच्या टप्प्यात चांगल्या हाताच्या आधाराने दुखरा हात वर नेणं, भिंतीवर बोटांनी चढत जाणं, आणि दुखणं आवाक्यात आल्यावर रबरी पट्ट्याने कफचे आणि फऱ्याभोवतीचे स्नायू बळकट करणं येतं. व्यायामानंतर थोडं दुखलं आणि तासा-दोन तासांत शमलं तर ठीक. रात्रभर ठणकलं तर तो डोस जास्त झाला, दुसऱ्या दिवशी कमी करा. हे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून एकदा प्रत्यक्ष शिकून घ्या. जंतुसंसर्गाची शंका असेल तर व्यायाम नकोत.

फ्रोझन शोल्डरमध्ये उलट सांध्यात पाणी भरतात असं ऐकलं. हे कसं?

बरोबर ऐकलंत. त्या आजारात आवरण आकसतं, जाड होतं आणि पोकळीत जागाच उरत नाही. म्हणून सलाईन, बधिर करणारं औषध आणि स्टेरॉइड यांचं मिश्रण दाबाने आत सोडून आवरण ताणतात. दुखणं वरकरणी सारखं असलं तरी इथे अडचण उलटी आहे. त्यामुळे शेजाऱ्याच्या खांद्याला लागू पडलेला उपचार तुमच्या खांद्याला चालेलच असं नाही.

ऑपरेशन कधी लागतं?

सांध्यात पू झाला तर तातडीने; बहुतेक वेळा दुर्बिणीतून सांधा धुतात. पडल्यामुळे तरुण किंवा कामकऱ्या माणसाचा कफ आरपार फाटला असेल तर शिवण्याचा निर्णय लवकर घ्यावा, कारण उशीर झाला की स्नायू आकसतो, त्यात चरबी भरते आणि टाके धरत नाहीत. वयोमानाने हळूहळू झिजून फाटलेल्या कफमध्ये आधी काही महिने व्यायाम करून बघणं शहाणपणाचं, आणि अनेकांचं त्यावरच भागतं.

सांधा पूर्ण झिजला असेल आणि दुखणं कशानेच आवरत नसेल, तर सांधा बदलतात. कफही निकामी असेल तर गोळा आणि वाटी यांच्या जागा उलटवलेला कृत्रिम सांधा बसवतात. फ्रान्समधले शल्यविशारद पॉल ग्रामाँ यांनी १९८५ मध्ये ही रचना प्रत्यक्षात आणली. कफ नसतानाही दंडाच्या मोठ्या स्नायूच्या जोरावर हात वर जाऊ शकतो, ही त्यातली खुबी.

किती दिवसांत बरं वाटेल? पाणी परत होतं का?

साध्या मुक्या मारानंतर किंवा बर्साच्या सुजेत काही आठवडे. स्फटिकांचा झटका उपचारांनी काही दिवसांत ते दोन आठवड्यांत निवळतो. आमवातातलं पाणी मूळ औषधाचा परिणाम दिसेपर्यंत, म्हणजे काही आठवडे ते काही महिने, ये-जा करू शकतं. कफ फाटलेल्या खांद्यात थोडं पाणी कायम राहिलं तरी दुखणं नसेल आणि हात चालत असेल तर त्याच्या मागे लागायचं कारण नाही. उपचार माणसावर करायचे असतात, रिपोर्टवर नाही.

कारण तसंच राहिलं तर पाणी परत होतं, कितीही वेळा काढलं तरी. दुसऱ्यांदा किंवा तिसऱ्यांदा पाणी काढायची वेळ आली आणि अजून निदान झालेलं नसेल, तर तिथेच थांबून संधिवाततज्ज्ञांचं मत घ्या. काही वेळा अस्तराचा नमुना घेऊन तपासल्यावरच क्षय किंवा अस्तराची दुर्मीळ गाठ सापडते.

डॉक्टरांकडे जाताना सोबत काय न्यावं?

जुने एक्स-रे, सोनोग्राफी आणि एमआरआयच्या फिल्म, फक्त रिपोर्टचा कागद नाही. चालू असलेल्या सगळ्या औषधांच्या पट्ट्या. आधी पाणी काढलं असेल तर त्याची तारीख, किती निघालं आणि तपासणीचा कागद. तो मिळाला नसेल तर ज्या प्रयोगशाळेत दिलं तिचं नाव, म्हणजे नवे डॉक्टर तिथून मागवून घेऊ शकतील. सहज काढता येणारे, सैल बाह्यांचे कपडे घालून जा, कारण दोन्ही खांदे शेजारीशेजारी उघडे करून बघितल्याशिवाय तपासणी पुरी होत नाही.